पेनल्टी स्ट्रोक वेगळा, शूटआउट वेगळं: सविता पुनिया नेमकं काय अडवते?

भारताच्या महिला हॉकी संघाची गोलरक्षक सविता पुनिया हिच्या कारकिर्दीवर लिहिताना एक वाक्य हमखास येतं: ‘शूटआउटमध्ये तिने प्रतिस्पर्ध्यांचे पेनल्टी स्ट्रोक अडवले.’ हे चूक आहे, आणि चूक केवळ शब्दाची नाही. स्ट्रोक आणि शूटआउट यांत गोलरक्षकाचं काम जवळजवळ उलटं असतं. हे कळलं नाही, तर हरियाणातल्या जोधकां गावच्या या खेळाडूचं कौशल्य कशात आहे तेही कळणार नाही.

फुटबॉलची पेनल्टी ठाऊक असेल तर स्ट्रोक तुम्हाला कळल्यातच जमा आहे. चेंडू गोलरेषेपासून 6.40 मीटरवर. पुश, फ्लिक किंवा स्कूप, म्हणजे स्टिकने चेंडू ढकलणं किंवा उचलून टाकणं चालतं. स्टिक मागे नेऊन जोरात मारलेला फटका चालत नाही, हुलकावणीही नाही. चेंडू खेळला जाईपर्यंत गोलरक्षकाचे दोन्ही पाय रेषेवर. अडवलेला चेंडू परत येऊन पुन्हा मारता येत नाही. स्ट्रोक बहुधा सामना चालू असताना, डीमधल्या, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलातल्या गंभीर फाउलवर मिळतो आणि त्याचा गोल धावफलकावर चढतो.

शूटआउट सामना बरोबरीत संपल्यावर होतं. पूर्वी बरोबरी फोडायला स्ट्रोकच घेत, गोंधळाचं मूळ बहुधा तिथे आहे. पण 2012 च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत ती पद्धत जाऊन आजचं शूटआउट आलं होतं. इतक्या वर्षांनंतरही जुनाच शब्द चिकटवत राहणं हा निव्वळ आळस आहे.

आता खरा फरक. शूटआउटमध्ये एक आक्रमक विरुद्ध गोलरक्षक अशी लढत असते. चेंडू गोलपासून 23 मीटरवरच्या रेषेवर ठेवतात. शिट्टी झाली की आक्रमक खेळाडूला 8 सेकंद मिळतात. तेवढ्यात ती कितीही वेळा चेंडू खेळू शकते, वळू शकते, हुलकावणी देऊ शकते, अडवलेला चेंडू पुन्हा मारू शकते. आणि गोलरक्षक? ती सुरुवातीला रेषेवर किंवा रेषेमागे असते, पण शिट्टी होताच तिला कुठेही जायची मोकळीक आहे. स्ट्रोकमध्ये पाय हलवणं हा गुन्हा. शूटआउटमध्ये पाय न हलवणं ही घोडचूक.

कारण साधं आहे. गोल 3.66 मीटर रुंद. रेषेवर उभं राहिलं तर सगळा गोल आक्रमकाला उघडा दिसतो. चार-पाच पावलं पुढे आलं की कोन आवळतो. 23 मीटरच्या रेषेपासून डीच्या टोकापर्यंत सव्वाआठ मीटर आहेत, आणि डीबाहेरून मारलेला चेंडू गोल धरत नाहीत. म्हणजे पुढे येऊन जागा घ्यायला तेवढा वेळ मिळतो. मात्र डीबाहेर गोलरक्षकाला चेंडू फक्त स्टिकनेच खेळता येतो, पॅड (पायावरचं संरक्षक कवच) किंवा किकर (बुटावरचं कवच) लावला की फाउल. म्हणून चांगली गोलरक्षक सहसा डीतच थांबते.

तिथून पुढे काम थोपवण्याचं. आक्रमकाला आक्रमकाच्याच डाव्या, म्हणजे स्टिक उलटी करून खेळावं लागतं त्या रिव्हर्स बाजूला लोटायचं. तिकडे चेंडूवर ताबा ठेवून नेम साधणं अवघड जातं, शिवाय समोरासमोर उभ्या गोलरक्षकाची स्टिक तिच्या उजव्या हातात, म्हणजे त्याच बाजूला असते. झोपायची घाई करायची नाही. लवकर आडवी झालेली गोलरक्षक म्हणजे संपलेली गोलरक्षक. चेंडू तिच्यावरून किंवा बाजूने सहज काढता येतो. पाच-सहा सेकंद उभं राहून आक्रमकाला बॅकलाइनकडे, म्हणजे गोलच्या दोन्ही बाजूंना असलेल्या मैदानाच्या शेवटच्या रेषेकडे नेलं की उरलेलं काम घड्याळ करतं. शूटआउटमध्ये गोलरक्षकाने मुद्दाम चेंडू बॅकलाइनबाहेर घालवला तरी तो प्रयत्न तिथेच संपतो. हे माहीत नसलेले प्रेक्षक अशा वेळी उगाच कॉर्नर मागत बसतात.

चूक होते ती पायात. घसरताना पॅड आक्रमकाच्या पायाला लागला, तर अनवधानाने झालेल्या फाउलवर तो प्रयत्न पुन्हा घेतात आणि हेतुपुरस्सर फाउलवर थेट पेनल्टी स्ट्रोक देतात. शूटआउटमध्ये स्ट्रोक येतो तो एवढ्याच दाराने. 2016 च्या रिओ ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात ब्रिटनच्या हेलन रिचर्डसन-वॉल्शचा गोल असाच आला. त्याच सामन्यात ब्रिटनची गोलरक्षक मॅडी हिंच हिने आधी मार्टजे पाउमनचा स्ट्रोक अडवला होता आणि नंतर शूटआउटमधले नेदरलँड्सचे चारही प्रयत्न हाणून पाडले. दोन्ही कामं एका दिवशी, दोन वेगळ्या कौशल्यांनी.

सविताचं नाव झालं ते यातल्या दुसऱ्या कामावर. 2017 च्या आशिया चषकात जपानमधल्या काकामिगाहाराला चीनविरुद्ध 1-1 नंतर भारताने शूटआउट 5-4 ने जिंकलं. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या रोझी मलोनचा पहिलाच प्रयत्न तिने अडवला, पण घड्याळ सुरूच झालं नव्हतं म्हणून तो पुन्हा घ्यायला लावला आणि गोल झाला. हा अन्याय स्ट्रोकमध्ये होऊच शकत नाही, कारण तिथे 8 सेकंदांचं घड्याळच नसतं. दोन दिवसांनी कांस्यपदकाच्या लढतीत अखेरच्या क्षणी न्यूझीलंडच्या ऑलिव्हिया मेरीने स्ट्रोकवर गोल करून 1-1 बरोबरी साधली. मग शूटआउट, आणि भारत 2-1. एकाच सामन्यात सविता स्ट्रोकवर हरली आणि शूटआउटमध्ये जिंकली. ‘स्ट्रोक अडवून पदक’ असं याचं वर्णन करणं म्हणजे घडलं त्याच्या बरोबर उलटं सांगणं.

निकाल लिहितानाही हाच आग्रह हवा. जानेवारी 2024 मध्ये रांचीला ऑलिंपिक पात्रता स्पर्धेच्या उपांत्य फेरीत भारत जर्मनीकडून ‘3-4 ने हरला’ असं लिहू नका. सामना 2-2 होता, शूटआउट 3-4. शूटआउटमधले गोल सामन्याच्या गोलसंख्येत धरत नाहीत, तेव्हा सविताने ‘चार गोल खाल्ले’ हा हिशेबही चुकीचाच.