कृष्णेचं पाणी "आटलं" म्हणजे नक्की काय झालं?

आमच्याकडे पारावर एक डायलॉग ठरलेला, "पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही, म्हणून कृष्णा समुद्रापर्यंत पोचत नाही." अर्धं खरंय, विजयवाड्याच्या प्रकाशम बॅरेजखाली बऱ्याच वर्षी उन्हाळ्यात नुसती वाळूच दिसते. पण दोष पावसाचा नाही हो.

राज्यांत कृष्णेचं पाणी वाटून द्यायला नेमलेल्या बच्छावत लवादाने 1973 ला हिशोब मांडला तेव्हा 100 पैकी 75 वर्षं हमखास मिळेल असं पाणी धरलं 2060 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), आणि 2010 ला ब्रिजेशकुमार लवादाने 1961 नंतरच्या 47 वर्षांचे आकडे घेऊन तोच हिशोब केला तर आले 2173! अडवलेलं, उपसलेलं सगळं धरून बरं का. म्हणजे खोऱ्यात पाणी येतंय तेवढंच, जातंय दुसरीकडे. उजनी, अलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर ही धरणं, त्यात आपला ऊस.

आणि कोयनेचं तर बघा, पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडून पोफळीला वीज करतं नि वाशिष्ठीतून चिपळूणवरून थेट अरबी समुद्रात, बंगालच्या उपसागराचा रस्ताच चुकलेलं (लवादाच्या कागदावर वर्षाला 67.5 टीएमसी). मुळशीचंही तसंच, टाटांच्या विजेसाठी घाटाखाली.