गोल सेटिंगच्या टेबलावर लेगोचे ब्लॉक्स आले कुठून

हल्ली पुण्या-मुंबईच्या काही कंपन्यांत नवीन वर्षाचे गोल ठरवायला टीमला एका खोलीत बसवतात आणि टेबलावर लेगोचे ब्लॉक्स ओतून ठेवलेले असतात. बऱ्याच जणांना वाटतं की एचआरने काहीतरी टाइमपास आणलाय, जेवणाआधी जरा मूड बनावा म्हणून. पण यामागे बराच जुना आणि गंभीर विचार आहे, आणि तो दोन वेगळ्या वाटांनी आलाय.

पहिली वाट मॅनेजमेंटची. 1954 मध्ये मॅनेजमेंटवर लिहिणाऱ्या पीटर ड्रकरने मांडलं की मॅनेजरचं काम हुकूम सोडणं नाही, उद्दिष्टं ठरवून त्यावर चालणं आहे. पुढे 1968 मध्ये एडविन लॉक या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांच्या आधारे सांगितलं की ‘जमेल तेवढं कर’ असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड उद्दिष्ट दिलं तर माणूस जास्त चांगलं काम करतो. याचं माझं आवडतं उदाहरण गॅरी लॅथम या मानसशास्त्रज्ञाचं आहे, 1975 चं, ओक्लाहोमातलं. तिथे लाकडाचे ओंडके वाहणारे ट्रक कायद्याने चालेल त्याच्या जेमतेम 60 टक्के भरून निघायचे, मग ड्रायव्हरांना नेमका आकडा दिला, 94 टक्के, जास्तीचे पैसे वगैरे काही नाही, आणि थोड्याच महिन्यांत ट्रक 90 टक्क्यांच्या वर भरून जायला लागले. 1981 मध्ये जॉर्ज डोरनने ‘स्मार्ट’ गोलची पाच इंग्रजी अक्षरं दिली (गोल नेमका, मोजता येणारा, कुणावर तरी सोपवलेला, जमण्यासारखा आणि मुदतीचा हवा), ती आज प्रत्येक केआरएच्या, म्हणजे वर्षाच्या कामाच्या उद्दिष्टांच्या, फॉर्मवर बसलीयेत.

पण ट्रक किती भरायचा हे मोजता येतं. ‘आपल्या टीमने दोन वर्षांनी कुठे असायला हवं’ हे कसं मोजणार? तिथे काय होतं ते सगळ्यांना माहितीये. दोन-तीन जण बोलतात, साहेब शेवटी बोलतात, बाकीचे माना डोलावतात आणि फॉर्म भरला जातो. गोल नेमका असतो, पण तो आपला आहे असं कुणालाच वाटत नाही.

दुसरी वाट शिक्षणाची, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. सेमूर पॅपर्ट हा मूळचा दक्षिण आफ्रिकेचा गणितज्ञ, जिनिव्हात मुलं कशी शिकतात याचा अभ्यास करणाऱ्या ज्याँ पियाजेबरोबर काम करून नंतर एमआयटीत आलेला. साठच्या दशकाच्या शेवटी तो मॅसॅच्युसेट्समधल्या लेक्सिंग्टनच्या एका शाळेत गणिताच्या प्रोजेक्टसाठी जायचा. जाता-येता त्याला चित्रकलेचा वर्ग दिसायचा, तिथे मुलं साबणाच्या वड्या कोरून मूर्ती करत होती, एक-दोन तास नाही, आठवडेच्या आठवडे. मधे थांबायची, विचार करायची, दुसऱ्याचं काम बघायची, परत कोरायची. पॅपर्टच्या मनात आलं की गणित असं का शिकवता येत नाही? हातात धरता येईल, दुसऱ्याला दाखवता येईल अशी वस्तू करताना माणूस जास्त खोल विचार करतो, हा त्याचा सिद्धांत याच्याशी जोडलेला आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून एमआयटीच्या मीडिया लॅबला लेगो कंपनीची साथ मिळाली आणि पॅपर्टचे विचार बिलुंडपर्यंत पोचले.

बिलुंड म्हणजे डेन्मार्कमधलं छोटं गाव, जिथे 1932 मध्ये ओले किर्क क्रिस्टियनसेन या सुताराने खेळणी करायला सुरुवात केली आणि त्यातूनच लेगो कंपनी उभी राहिली. आजच्या ब्लॉकचं पेटंट 28 जानेवारी 1958 चं. नव्वदच्या दशकात कंपनी त्याच्या नातवाकडे, केल्ड किर्क क्रिस्टियनसेनकडे होती. मुलं व्हिडिओ गेमकडे वळत होती आणि स्ट्रॅटेजीच्या मीटिंगमधून मात्र काहीच नवं निघत नव्हतं. जी कंपनी मुलांना सांगते की कल्पनाशक्ती वापरा, तिच्याच बोर्डरूममध्ये कल्पना सुचेना. केल्ड स्वतः स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या आयएमडी या बिझनेस स्कूलमध्ये शिकलेला, तिथलेच दोन प्राध्यापक योहान रूस आणि बार्ट व्हिक्टर यांनी विचारलं की मॅनेजर लोकांनी आपली कंपनी कागदावर लिहिण्याऐवजी ब्लॉक्समध्ये बांधली तर? 1998 मध्ये त्यांनी या ‘सीरियस प्ले’वर छोटा लेख छापला.

सुरुवातीला हे काही फार जमलं नाही. नुसते ब्लॉक्स समोर ठेवले की मोठी माणसं एकतर संकोचतात नाहीतर उगाच टॉवर उभे करत बसतात. मग लेगोच्या शिक्षण विभागातल्या रॉबर्ट रासमुसेनने त्याला शिस्त लावली, पुन्हा पुन्हा बदल करत, आणि 2001-02 च्या सुमारास ‘लेगो सीरियस प्ले’ बाजारात आलं. त्याचा गाभा चार पायऱ्यांचा: फॅसिलिटेटर, म्हणजे वर्कशॉप चालवणारा, प्रश्न विचारतो, प्रत्येक जण एकटा बांधतो, प्रत्येक जण आपल्या मॉडेलची गोष्ट सांगतो, मग सगळे मिळून त्यावर विचार करतात. इथला ‘प्रत्येक जण’ फार महत्त्वाचा, साहेब आणि नवा ट्रेनी दोघांनाही तेवढंच बांधायचंय आणि तेवढंच सांगायचंय.

गोलचं वर्कशॉपही असंच चालतं, पण लगेच गोलवर उडी मारायची नाही. आधी वॉर्म-अप. त्यातला सहा ब्लॉक्सच्या बदकाचा खेळ प्रसिद्ध आहे, सगळ्यांना तेच सहा तुकडे, मिनिटभराचा वेळ, आणि तरी दोन बदकं सहसा सारखी होत नाहीत. (दोन बाय चारचे एकाच रंगाचे सहा ब्लॉक्स 91 कोटी 51 लाखांहून जास्त प्रकारे जोडता येतात, हे कोपनहेगनचे गणितज्ञ सोरेन आयलर्स यांनी मोजलंय, कंपनी स्वतः कित्येक वर्षं 10 कोटी 29 लाखच सांगत होती.) मग आजची स्थिती बांधायची, मग कुठे पोचायचंय ते, मग मधले अडथळे. समजा एखादीने गोलच्या मॉडेलभोवती भिंत घातली आणि एक माणूस बाहेर ठेवला, तर फॅसिलिटेटर तिला ‘तू टीमपासून लांब का’ असं विचारत नाही, ‘हा बाहेरचा माणूस कोण, त्याला आत यायला दार आहे का’ असं विचारतो. प्रश्न मॉडेलला, माणसाला नाही. त्यामुळे एरवी तोंडातून निघणार नाहीत अशा गोष्टी ती सहज बोलून जाते.

याने लेगो कंपनी वाचली असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. 1998 मध्ये कंपनीला इतिहासातला पहिला तोटा झाला, 2003-04 मध्ये तर पार बुडायची वेळ आली, आणि 2004 मध्ये सीईओ झालेल्या यॉर्गन विग क्नुडस्टॉर्पने खर्च कापून, लेगोलँड पार्क विकून गाडी रुळावर आणली. ब्लॉक्सने विचार बाहेर येतो, हिशोब जमत नाही.

2010 मध्ये कंपनीने या पद्धतीची मूळ माहिती सगळ्यांसाठी खुली केली. त्यामुळे छोट्या संस्था, शाळा, कॉलेजं यांनाही परवान्याच्या भानगडीत न पडता हे वापरता आलं, हे फारच चांगलं झालं. पण त्याचबरोबर चार पायऱ्या गाळून, टीम-टीममध्ये टॉवरची स्पर्धा लावून त्यालाच गोल सेटिंग म्हणणारेही आले. आणि दुसरी चूक म्हणजे मॉडेलचा फोटो काढून थांबणं. लॉक आणि लॅथमचं काम इथेच उपयोगी पडतं, मॉडेल मोडायच्या आधी त्याच टेबलावर बसून लिहून काढायचं की यातलं काय, किती, कोणत्या तारखेपर्यंत आणि कोण करणार. वर्कशॉपमध्ये यासाठी शेवटचा तासभर तरी राखून ठेवा.