दुखापतीच्या उपचारात हलगर्जीपणा झाल्याची शंका असल्यास: तक्रार कोणाकडे, कोणत्या मुदतीत आणि कोणत्या कागदपत्रांसह करावी

हाड मोडणे, खोल जखम होणे किंवा हाताची शीर कापली जाणे अशा दुखापतींत योग्य उपचार होऊनही काही वेळा हाड वाकडे जुळते, जखम चिघळते किंवा सांधा आखडतो. केवळ परिणाम वाईट झाला म्हणून कायदा डॉक्टरला दोषी धरत नाही. त्या शाखेतील सर्वसाधारण कौशल्याच्या डॉक्टरने त्या परिस्थितीत जी काळजी घेतली असती ती घेतली गेली का, आणि न घेतल्यामुळेच रुग्णाचे नुकसान झाले का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तक्रारदाराला द्यावी लागतात.

उदाहरणार्थ, दंडाचे हाड मोडल्यावर मनगट वर उचलता न येणे ही गोष्ट मूळ दुखापतीतच मज्जातंतूला इजा झाल्यामुळेही घडू शकते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या केसपेपरवर मनगटाच्या हालचालीची नोंद आहे का, हे सर्वप्रथम पाहावे. याउलट, पायाला प्लास्टर घातल्यानंतर वेदना औषधाने थांबत नाहीत आणि बोटे सुन्न पडत आहेत असे रुग्ण रात्रभर सांगत राहिला, तरीही प्लास्टर सैल केले नाही किंवा डॉक्टर तपासायला आले नाहीत, तर प्रश्न गंभीर होतो. आत दाब वाढून रक्तपुरवठा थांबल्यास काही तासांतच स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात. अशा प्रकरणात परिचारिकांच्या नोंदवहीतील वेळा निर्णायक ठरतात.

नोंदी मिळवणे हे पहिले काम

तक्रार कोठे करायची हे ठरवण्याआधी रुग्णालयाकडे संपूर्ण वैद्यकीय नोंदींची मागणी लेखी करावी आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यावी. डॉक्टरांच्या व्यावसायिक वर्तनाविषयीच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकृत केलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास नोंदी 72 तासांत देणे बंधनकारक आहे, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षे जपून ठेवायच्या असतात. फक्त डिस्चार्ज कार्ड घेऊन परत येऊ नये. दाखल होतानाचा केसपेपर, एक्स-रेच्या फिल्म किंवा सीडी, शस्त्रक्रियेची व भूल देण्याची नोंद, संमतीपत्र, परिचारिकांच्या नोंदी, औषधांचा तक्ता, आणि सळी किंवा प्लेट बसवली असल्यास तिच्या वेष्टनावरील स्टिकरची प्रत, हे सर्व अर्जात नाव घेऊन मागावे. अपघात किंवा मारहाणीची दुखापत असल्यास एमएलसीची (पोलिसांना कळवावयाच्या वैद्यकीय प्रकरणाची) नोंदही मागावी. सरकारी रुग्णालय टाळाटाळ करत असेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो.

नोंदी हाती आल्यावर त्याच शाखेतील दुसऱ्या डॉक्टरांचे लेखी मत घ्यावे. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केले आहे. जखमेत काचेचा तुकडा राहून गेला असेल, तर वस्तुस्थिती स्वतःच बोलते. मात्र हाड कसे बसवायला हवे होते यासारख्या तांत्रिक वादात तज्ज्ञ मताशिवायची तक्रार बहुधा टिकत नाही.

भरपाई हवी असल्यास ग्राहक आयोग

पैसे देऊन उपचार घेतलेली व्यक्ती, किंवा तिचा मृत्यू झाला असल्यास तिचे कायदेशीर वारस, ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली तक्रार करू शकतात. खर्च विमा कंपनीने किंवा नोकरी देणाऱ्या संस्थेने केला असला तरी हक्क जात नाही. सर्वच रुग्णांवर पूर्णपणे मोफत उपचार करणारे रुग्णालय मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या 1995 च्या निकालात ठरले. तेथील रुग्णाला दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला असतो.

कोणता आयोग, याबाबत अनेकांचा गोंधळ होतो. मागितलेली भरपाई किती यावर नव्हे, तर उपचारासाठी मोजलेली रक्कम किती यावर ते ठरते. 50 लाख रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी जिल्हा आयोग, त्यापुढे 2 कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोग. म्हणजे बिल 2 लाखांचे आणि मागणी 30 लाखांची असली तरी तक्रार जिल्हा आयोगातच होते, आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असल्यास शुल्कही लागत नाही. रुग्णालय दुसऱ्या जिल्ह्यात असले तरी तक्रारदार आपल्या राहत्या किंवा कामाच्या ठिकाणच्या आयोगात जाऊ शकतो, आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते.

मुदत 2 वर्षांची आहे. ती तक्रारीचे कारण घडल्यापासून मोजली जाते. नुकसान नंतर उघड झाले असल्यास ते कळल्याच्या तारखेचा आधार घेता येतो, पण त्यावर विसंबून राहू नये. शस्त्रक्रियेत कापडाचा तुकडा पोटात राहिल्याच्या एका प्रकरणात रुग्णाला अनेक वर्षे वेदना होत असूनही वेळीच दाद मागितली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये तक्रार मुदतबाह्य ठरवली. उशिराला सबळ कारण असल्यास विलंब माफीचा अर्ज तक्रारीसोबतच द्यावा लागतो.

तक्रारीत घटनाक्रम तारीख आणि वेळेसह लिहावा आणि सोबत प्रतिज्ञापत्र, ओळखपत्र, सर्व बिले व पावत्या, वैद्यकीय नोंदी, नंतर अन्यत्र घेतलेल्या उपचारांची कागदपत्रे, उत्पन्न बुडाल्याचा पुरावा आणि कायमचे व्यंग आले असल्यास अपंगत्वाचे प्रमाणपत्र जोडावे. समोरच्या पक्षाला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15 दिवस मिळतात. जिल्हा आयोगाच्या निकालावर राज्य आयोगात 45 दिवसांत अपील करता येते.

डॉक्टरवर कारवाई हवी असल्यास

ॲलोपॅथीच्या डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. परिषद ताकीद देऊ शकते, ठरावीक काळासाठी किंवा कायमचे नाव नोंदवहीतून कमी करू शकते, परंतु भरपाई देऊ शकत नाही. आयुर्वेद, होमिओपॅथी आणि दंतवैद्यकासाठी स्वतंत्र परिषदा आहेत. त्यामुळे डॉक्टरचा नोंदणी क्रमांक पाहूनच तक्रार पाठवावी. परिषदेतील चौकशी सुरू असली तरी ग्राहक आयोगाची 2 वर्षांची मुदत थांबत नाही, आणि आमच्या मते सर्वाधिक तक्रारदारांचे नुकसान करू शकणारी बाब हीच आहे.

पोलिसांकडे तक्रार करताना हलगर्जीपणा अत्यंत ढोबळ असल्याचे दिसावे लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या निकालानुसार पोलिसांनी कारवाईपूर्वी स्वतंत्र वैद्यकीय मत, शक्यतो सरकारी सेवेतील त्या शाखेच्या डॉक्टरचे, घेणे अपेक्षित आहे. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 नुसार वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत डॉक्टरच्या हलगर्जीपणामुळे मृत्यू झाल्यास 2 वर्षांपर्यंत कारावास आणि दंडाची तरतूद आहे. मृत्यूबाबत शंका असेल, तर दुःखाच्या त्या घडीतही अंत्यसंस्कारापूर्वी शवविच्छेदनाची लेखी मागणी करावी, कारण हा पुरावा पुन्हा मिळत नाही.

वकील नेमणे परवडत नसल्यास जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता ही मदत मिळते.