लॅपटॉपसमोर फोनची सोंगं

मोबाइलचं नेट लॅपटॉपवर घ्यायची युक्ती पहिल्यापासून एकच आहे: लॅपटॉपच्या ओळखीच्या एखाद्या वस्तूचं सोंग फोननं घ्यायचं.

पहिलं सोंग मोडेमचं, म्हणजे टेलिफोनच्या तारेतून नेट आणणाऱ्या डब्याचं. व्हीएसएनएल या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ला इंटरनेट सर्वांना खुलं केलं ते टेलिफोनच्या तारेवरून, त्यामुळे नंबर फिरवला की नेट येतं एवढंच विंडोजला ठाऊक. जीपीआरएस, म्हणजे मोबाइलवरचं जुनं संथ नेट, आलं तरी *९९# ‘डायल’ करावंच लागे. पलीकडे उचलायला कोणी नसे, हा हुकूम केबलला जोडलेल्या फोनलाच असे. रिलायन्सच्या सीडीएमए फोनवर #७७७ लावून युजरनेम आणि पासवर्ड, दोन्ही रकान्यांत स्वतःचाच नंबर टाकायचा. जीपीआरएसमध्ये घोळ व्हायचा तो एपीएनचा, म्हणजे कुठल्या दारातून नेटवर जायचं हे सांगणाऱ्या नावाचा. वॅप पोर्टलचा, म्हणजे फोनच्या छोट्या पडद्यासाठीच्या पानांचा, एपीएन राहिला, तर कनेक्शन जुळल्यासारखं दिसे, पण साधी वेबसाइट उघडत नसे.

वेगाचं गणित सरळ होतं. तेव्हाच्या बहुतेक फोनना डाउनलोडसाठी चार टाइमस्लॉट (टॉवरच्या वेळेचे वाटे), एकेक १३.४ केबीपीएसचा (सेकंदाला किलोबिट), म्हणजे फार तर ५३.६. तेच स्लॉट बोलण्याच्या कॉलनाही लागत आणि मान कॉलचा पहिला. संध्याकाळी सातला दादरला फोनवर सगळ्या दांड्या भरलेल्या, पण मेल काही सुटत नाही, याचं कारण हे. दांड्या सिग्नलचा जोर सांगतात, टॉवरवरची गर्दी नाही.

मुंबईत एमटीएनएलनं २००९मध्ये थ्रीजी आणलं, खासगी कंपन्या त्यानंतर. डोंगलचा, म्हणजे यूएसबीत खोचायच्या सिमवाल्या कांडीचा, जमाना हाच. आयडियाचं ‘नेटसेटर’ हे नाव तर कुठल्याही कंपनीच्या डोंगलला चिकटलं. त्याचं सोंग दुहेरी: आधी सीडी ड्राइव्ह बनून स्वतःचं सॉफ्टवेअर चढवायचं, मग मोडेम व्हायचं. ही अदलाबदल अडली की लॅपटॉपवर नुसती सीडी दिसत राही. तेव्हाचा यूएसबी २.० पोर्ट नियमानं ५०० मिलिअँपिअरपर्यंतच देई. सिग्नल कमजोर असला की डोंगल जास्त करंट ओढतो, तापतो आणि कनेक्शन तुटतं. हातभर एक्स्टेंशन केबल लावून तो खिडकीशी ठेवला, की रेल्वेच्या डब्याच्या पत्र्याचा अडसर कमी होई. पुण्याच्या गाडीत कर्जत-लोणावळ्यामधल्या बोगद्यांवर मात्र इलाज नव्हता. पुन्हा जोडल्यावर आयपी पत्ता बदले आणि ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट, नव्यानं लॉगिन मागे.

२०१०च्या अँड्रॉइड २.२पासून हॉटस्पॉट फोनमध्येच आला: सोंग राउटरचं. गच्च लोकलमध्ये तो अडखळतो, कारण वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि आजूबाजूच्या सगळ्या हॉटस्पॉटची दाटी त्यांवरच. पाच गिगाहर्ट्झ निवडावा, किंवा सरळ यूएसबी टेदरिंग (केबलनं फोनचं नेट घेणं) करावं. त्यात फोन नेटवर्क कार्ड बनतो आणि चार्जही होतो.

राउटरच्या सोंगाला लॅपटॉप फारच भुलतो. घरचंच वायफाय समजून विंडोज अपडेट उतरवू लागतं आणि दिवसाचा दीड जीबी लोकल ठाण्याला पोचायच्या आत उडतो. वायफायच्या सेटिंगमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ आधीच चालू करावं, म्हणजे डेटा मोजका आहे हे विंडोजला कळतं. कोटा संपल्यावर बरेच प्लॅन ६४ केबीपीएसवर आणून सोडतात, जीपीआरएसच्या ५३.६पेक्षा जेमतेम वर.