साइडबॅक की विंगर: टचलाइनजवळ धावणाऱ्या मुलाची जागा

शाळेचा फुटबॉल संघ निवडताना वेगाने धावणारा मुलगा दिसला की प्रशिक्षक बहुधा त्याला टचलाइनजवळ, म्हणजे मैदानाच्या लांब कडेच्या रेषेजवळ, नेऊन उभा करतात. तिथपर्यंत मतभेद नसतो. हा मुलगा मागे साइडबॅक (कडेचा बचावपटू) म्हणून खेळणार की पुढे विंगर (कडेचा आक्रमक) म्हणून, हा पुढचा प्रश्न मात्र घाईत निकालात काढला जातो. दोघेही एकाच पट्ट्यात धावतात, दोघांनाही वेग आणि दम लागतो, दोघेही क्रॉस, म्हणजे कडेवरून गोलसमोर जाणारा पास, टाकतात; आणि आजच्या खेळात साइडबॅक इतका पुढे जातो व विंगर इतका मागे येतो की बाहेरून पाहणाऱ्या पालकाला पूर्वार्ध संपला तरी कोणाकडे नेमके कोणते काम दिले आहे हे सांगता येत नाही. मग चेंडूवर ज्याचा ताबा चांगला तो पुढे आणि ज्याचा कमी तो मागे, असा सोपा तोडगा निघतो. माझ्या मते हा तोडगा चुकीचा आहे.

दोन्ही जागांतला खरा फरक चेंडू कोणत्या अवस्थेत मिळतो येथून सुरू होतो. विंगरला तो बहुतेक वेळा प्रतिस्पर्ध्याच्या गोलकडे पाठ करून किंवा तिरक्या अंगाने घ्यावा लागतो. मागे हातभर अंतरावर बचावपटू असतो, एका बाजूला रेषा असते, आणि वळायचे, चेंडू मागे द्यायचा की त्याच्यावर पाय ठेवून थांबायचे, हे पहिल्या स्पर्शाआधीच ठरलेले असावे लागते. साइडबॅकला तोच चेंडू सगळे मैदान समोर दिसत असताना मिळतो. त्याला वेळ थोडा अधिक असतो, पण निवडायचे पर्यायही अधिक असतात. पाठीवर माणूस आला की गोंधळणारी काही मुले समोर मोकळी जागा दिसताच शांतपणे अचूक पास देतात. अशा मुलाला विंगर म्हणून खेळवले तर त्याचा ताबा कच्चा वाटतो आणि मागे आणले की तोच मुलगा अचानक हुशार दिसू लागतो; त्याचे पाय तेच असतात, फक्त नजरेपुढचे चित्र बदललेले असते.

धावण्याचेही तसेच आहे. विंगरला जवळजवळ उभ्या जागेवरून पहिल्या पाच-दहा मीटरांत झटका द्यावा लागतो, तर साइडबॅक मागून वेग घेत येतो, चाळीस-पन्नास मीटर पुढे जातो आणि लगेच तेवढेच अंतर परत कापतो. निवड चाचणीत सर्वांना एका रांगेत उभे करून एकदाच पळवले की हा फरक झाकला जातो.

त्यानंतर चेंडू गमावण्याच्या किमतीचा विचार करावा लागतो. प्रतिस्पर्ध्याच्या कॉर्नरजवळ विंगरने चेंडू घालवला तरी त्याच्या संघाचे बहुतेक खेळाडू चेंडूच्या मागे असतात. साइडबॅकने आपल्याच पेनल्टी क्षेत्राच्या कडेला तो घालवला तर मध्ये एखादा सेंटरबॅक (मधला बचावपटू) आणि गोलरक्षक एवढेच उरतात. म्हणून विंगरच्या अंगी थोडा हट्ट असलाच पाहिजे. तीनदा अडवला गेल्यावरही चौथ्यांदा बचावपटूच्या अंगावर जाणारा मुलगा तिथे हवा असतो, आणि त्याला प्रत्येक चुकीबद्दल ओरडणारा प्रशिक्षक आपला विंगर स्वतःच्या हाताने संपवतो. साइडबॅकला हाच हट्ट महागात पडतो. कोणत्या वेळी चेंडू सरळ रेषेबाहेर मारून थ्रो-इन देणे बरे, हे त्याला ओळखता आले पाहिजे.

बचावाचा भाग जवळून पाहण्यासारखा आहे. सरावात एकास एक खेळ लावावा आणि चेंडूकडे न पाहता बचाव करणाऱ्या मुलाच्या पायांकडे पाहावे. न शिकलेला मुलगा दोन्ही पाय एका रेषेत ठेवून समोरासमोर उभा राहतो, वाट पाहतो आणि मग एकदम पाय घालतो. हल्ला करणारा त्याच्या डावीकडूनही जाऊ शकतो आणि उजवीकडूनही. ज्याच्यात साइडबॅक दडलेला आहे तो मुलगा आपोआप तिरका उभा राहतो, एक पाय पुढे, गुडघे वाकलेले, टाचा किंचित उचललेल्या, आणि छोट्या पावलांनी मागे सरकत आतली वाट बंद करून बाहेरची मोकळी ठेवतो. त्याची नजर चेंडूवर असते. खांद्याच्या हुलकावणीला तो फसत नाही. बाहेर ढकललेल्या खेळाडूला पुढे रेषा अडवते.

गोव्यातल्या मुलांच्या बाबतीत येथे एक वेगळी अडचण येते. भाताची कापणी झाल्यावर मोकळ्या झालेल्या शेतांत ही मुले जो फुटबॉल खेळतात, त्यात टचलाइनच नसते. चेंडू बांधापर्यंत गेला तरी खेळ चालूच राहतो, गोल म्हणजे दोन दगड असतात, आणि उंच क्रॉस टाकण्यात काही अर्थ नसतो. या खेळातून माणूस चुकवण्याची कला उत्तम तयार होते, म्हणून पेडणे असो वा सासष्टी, गावातल्या प्रत्येक चपळ मुलाला आपण विंगर आहोत असेच वाटते. रेषेच्या मदतीने बचाव करणे मात्र आखलेल्या मैदानावर आल्याशिवाय शिकताच येत नाही. त्यामुळे म्हापशाच्या धुळेर मैदानावर किंवा वास्कोच्या टिळक मैदानावर पहिल्यांदा उतरलेला मुलगा बचावात कच्चा दिसला, एवढ्यावरून तो साइडबॅक नव्हेच असा निष्कर्ष काढू नये.

चेंडू दुसऱ्या बाजूला असतानाचा क्षण तर दोघांनाही उघडे पाडतो. साइडबॅकने अशा वेळी आत सरकून सेंटरबॅकच्या जवळ यायचे असते आणि चेंडूबरोबरच आपल्या पाठीमागून दूरच्या खांबाकडे येणाऱ्या खेळाडूवरही लक्ष ठेवायचे असते. तो येणारा खेळाडू बहुधा विंगरच असतो. ज्या मुलाला मान वळवून मागे पाहायची सवय आहे तो मागे चालेल. क्रॉस उडण्याआधीच पोटात काही तरी कळून जो गोलकडे धाव घेतो, त्याला पुढेच ठेवावे.

ही अदलाबदल मोठ्या पातळीवरही होते आणि ती दोन्ही दिशांनी होते. गोव्याचा मंदार राव देसाई डेंपो आणि नंतर एफसी गोवा या क्लबांकडून डाव्या बाजूला पुढे खेळत असे. सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक असताना, पंचविशीच्या आसपास, तो डावा साइडबॅक झाला आणि 2020 मध्ये मुंबई सिटीकडे गेला तोही बचावपटू म्हणूनच. कॅनडाच्या अल्फान्सो डेव्हिसला बायर्न म्युनिकने विंगर म्हणून घेतले होते. 2019-20 च्या मोसमात बचावपटू जखमी झाल्यामुळे त्याला मागे खेळवले गेले आणि त्याच मोसमात त्या संघाने चॅम्पियन्स लीग जिंकली. उलट्या दिशेचे ठळक उदाहरण गॅरेथ बेलचे आहे. साउथॅम्प्टनचा हा डावा बॅक टॉटनहॅममध्ये पुढे सरकला आणि ऑक्टोबर 2010 मध्ये इंटर मिलानविरुद्ध त्यांच्याच मैदानावर त्याने एकट्याने तीन गोल केले, जरी तो सामना टॉटनहॅमने 4-3 असा गमावला. मुलाला मागे खेळवले म्हणजे त्याची पायरी उतरवली, असे समजणाऱ्या पालकांनी इटलीच्या जाचिंतो फाकेत्तीकडे पाहावे. मुळात आघाडीवर खेळणारा हा उंच खेळाडू इंटरमध्ये हेलेनियो हेरेरा यांच्या हाताखाली डावा बॅक झाला, पुढे इटलीचा कर्णधार झाला, आणि मागून येऊन गोल करण्यासाठी तो आजही आठवला जातो.

कोणता पाय चालतो याला किती महत्त्व द्यावे? विंगरच्या बाबतीत आता फारसे नाही, कारण आर्येन रॉबेन किंवा मोहम्मद सलाह यांच्यासारखे डावखुरे खेळाडू उजवीकडून आत वळून गोलवर मारतात. साइडबॅकला मात्र रेषेच्या बाजूचाच पाय लागतो, नाहीतर प्रत्येक पासआधी त्याला चेंडू आत घ्यावा लागतो. फिलिप लाम उजव्या पायाचा असूनही डावीकडे खेळला, पण असे खेळाडू विरळच. आपल्याकडे डाव्या पायाने खेळणारी मुले थोडी असल्याने दिसला डावखुरा की केला डावा बॅक, असे होते. हा संघाच्या सोयीचा निर्णय असतो.

वयाचा हिशेब या सर्वांवर मात करू शकतो. मुलांची उंची सर्वांत झपाट्याने वाढण्याचे वय सरासरी तेरा-चौदा असते, मुलींचे साधारण दोन वर्षे आधी. बाराव्या वर्षी सर्वांना मागे टाकणारा विंगर कधी कधी केवळ लवकर वाढलेला असतो. बाकीची मुले त्याच्या बरोबरीला आली की त्याच्याकडे दुसरे काही आहे की नाही हे कळते, आणि तेव्हा त्याने कधीच बचाव केलेला नसेल तर त्याला मागे जाण्याची वाटही उरत नाही. त्यामुळे चौदा-पंधरापर्यंत दोन्ही जागा आलटून पालटून द्याव्यात. सात जणांच्या छोट्या मैदानावरच्या खेळात तर हा भेद जवळजवळ नसतोच, तेव्हा तिथे तो लादू नये. पूर्ण मैदानावर आल्यावर एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध पूर्वार्धात पुढे आणि उत्तरार्धात मागे खेळवले, तर वेगवेगळ्या सामन्यांची तुलना करण्यापेक्षा बरेच अधिक दिसते.

दोन्हींत सारखाच बरा खेळणारा मुलगा विंगबॅक, म्हणजे संपूर्ण कडेवर बचाव आणि हल्ला दोन्ही करणारा खेळाडू, करावा, असे हल्ली ऐकू येते. चेल्सीने 2016-17 मध्ये प्रीमियर लीग जिंकली तेव्हा व्हिक्टर मोझेस या विंगरला अंतोनियो कोंते यांनी तसेच वापरले होते. पण त्याच्या मागे तीन सेंटरबॅक होते. शालेय संघात तेवढे भरवशाचे तीन सेंटरबॅक मिळत नाहीत आणि मग विंगबॅक म्हणवणारा मुलगा साइडबॅकचे सगळे काम करून वर विंगरच्या गोलचा हिशेबही देत बसतो.