गुरूचे एक्स-रे: माल आयोचा की सूर्याचा?

गुरूकडून एक्स-रे येतात हे १९७९ मधेच आइन्स्टाइन नावाच्या उपग्रहाने टिपलेलं, नंतर रोसॅट या एक्स-रे उपग्रहाने बघितलं, १९९४ ला शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे गुरूवर आपटले तेव्हाही त्याला चमक वाढलेली दिसली. पण चित्रं सगळी धूसर, त्यामुळे सोपं उत्तर चालून गेलं: गुरूचा चंद्र आयो, त्याचे ज्वालामुखी सेकंदाला साधारण टनभर माल फेकतात, त्यातलेच सल्फर-ऑक्सिजनचे आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) आयोच्या कक्षेजवळून गुरूच्या ध्रुवांवर पडतात आणि एक्स-रे निघतात, विषय संपला.

१९९९ ला चंद्रा ही नासाची एक्स-रे दुर्बीण अवकाशात गेली आणि डिसेंबर २००० मधे तिने या उत्तराचा पार बाजार उठवला. उत्तर ध्रुवाजवळ एक्स-रेचा एक हॉट स्पॉट, साधारण ४५ मिनिटांनी लुकलुकणारा, आणि तिथल्या चुंबकरेषा मागे काढत गेलं तर गुरूच्या ३० त्रिज्यांच्याही पलीकडे जातात. आयो जेमतेम ६ त्रिज्यांवर! (कुलाब्यात बनलेली, अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरची एक्स-रे दुर्बीण हे का नाही करत, असं वरळीच्या तारांगणात शो संपला की कोणीतरी विचारतंच. तिची नजर साधारण २ आर्कमिनिटांची (म्हणजे १२० आर्कसेकंद, त्याहून बारीक काही वेगळं दिसत नाही), गुरूची चकती फार तर ५० आर्कसेकंद, ध्रुव वेगळा दिसणार कसा? चंद्राची नजर अर्ध्या आर्कसेकंदाची.)

मग एवढ्या लांबून येणारे आयन कोणाचे, आयोचे की सौरवाऱ्याचे (सूर्याकडून सतत वाहणाऱ्या कणांचे), यावर पुढे कित्येक वर्षं जुंपली. ऑक्सिजन दोन्हीकडे असतो त्यामुळे त्याच्या रेषा सापडून फायदा नाही, सगळं अडलं दुसऱ्या मूलद्रव्यावर, सल्फर निघालं तर आयो, कार्बन निघाला तर सूर्य, आणि स्पेक्ट्रममधे दोघं इतके शेजारी की दोन्ही मॉडेलं बसवता यायची. सौरवाऱ्यातले आयन आधीच बरेचसे सोललेले, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले येतात, आयोच्यांना मात्र तेवढे इलेक्ट्रॉन गमवायला काही मिलियन व्होल्टचा जोर लागतो, तो आणायचा कुठून? तरी माझ्या मते पारडं सल्फरचंच जड होतं.

२०१६ ला नासाचं ज्युनो यान गुरूजवळ पोचलं तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली. जुलै २०१७ मधे एक्सएमएम-न्यूटन ही युरोपची एक्स-रे दुर्बीण सलग २६ तास गुरूकडे बघत होती, त्याच वेळी ज्युनो तिथलं चुंबकीय क्षेत्र मोजत होतं. दर २७ मिनिटांनी एक्स-रेचा ठोका आणि त्याच तालात क्षेत्र दाबलं जाणं, म्हणजे आयन चुंबकीय क्षेत्रातल्या लाटांवर स्वार होऊन खाली उतरतात. हे २०२१ ला छापून आलं. ज्युनोवर स्वतःचा एक्स-रे कॅमेरा दिलाच नाही हे मात्र खटकतंच.

बाकीच्यांचं थोडक्यात. शनीचे एक्स-रे बहुतेक सूर्याचेच परतवलेले, कड्यांमधे तेवढा ऑक्सिजन चमकतो. शनीचा चंद्र टायटन जानेवारी २००३ मधे क्रॅब नेब्युलासमोरून (स्फोट झालेल्या ताऱ्याचा, एक्स-रेमधे झगझगीत अवशेष) गेला, त्याच्या सावलीवरून वातावरण किती उंच आहे ते मोजलं. युरेनसचा २००२ आणि २०१७ चा डेटा नीट तपासून २०२१ ला त्याचेही एक्स-रे जाहीर झाले, सूर्याच्या हिशोबापेक्षा जरा जास्तच वाटतायत, संशय सध्या त्याच्या कड्यांवर नाहीतर ऑरोरावर, म्हणजे ध्रुवीय प्रकाशावर.