मणक्याचं दुखणं आणि हाताचे उपचार : येण्याआधी एवढं वाचा

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या केंद्रात कंबर धरून येणाऱ्यांची गर्दी वाढते. उसाच्या मोळ्या उचलणारे, शिरोलीच्या फाउंड्रीत वाकून काम करणारे, हुपरीत चांदीच्या दागिन्यांवर तासन्‌तास मान घालून बसणारे कारागीर, पहाटे उकिडवं बसून म्हशींच्या धारा काढणाऱ्या बायका. कुणाला चमक भरलेली असते, कुणाची मान अवघडलेली, कुणाच्या पायात मुंग्या. आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : "मणका सरकलाय, बसवून देता का?"

नेहमीच्या कंबरदुखीत मणका जागचा हललेला नसतो. त्यामुळे तो बसवायचाही नसतो. कुणी "तुमचा मणका बसवला" म्हणून पैसे घेतले असतील, तर त्यानं तुम्हाला बरं वाटलंही असेल, पण कारण वेगळं आहे.

हाताने मणक्यांवर उपचार करायची ही पद्धत कायरोप्रॅक्टिक या नावाने 1895 साली अमेरिकेत डेव्हनपोर्ट या गावी डी. डी. पामर यांनी सुरू केली. मणके किंचित सरकतात, त्याने नसांचा प्रवाह अडतो आणि म्हणून आजार होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. विज्ञानाच्या कसोटीवर ते टिकलं नाही. हाताच्या उपचाराने कंबरदुखीत आराम पडतो, हे मात्र बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. आराम बेताचा असतो, चमत्कार नसतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांच्या जोडीने हा उपचारही एक पर्याय म्हणून दिला आहे. कमरेचे पट्टे आणि वजन लावून ताण देणं मात्र नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये, असं त्याच सूचना सांगतात. आपल्याकडे घरोघरी खुंटीला असा एक पट्टा लटकलेला असतो, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

उपचारात होतं काय, तर तुम्हाला कुशीवर झोपवून, वरचा गुडघा वाकवून, आखडलेल्या सांध्याला एक छोटा, झटकन दाब दिला जातो. बऱ्याचदा 'कट्' असा आवाज येतो. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात वायूची पोकळी तयार होते, तिचा तो आवाज. हाडाचा नव्हे. आवाज आला नाही म्हणून उपचार फसला असं नसतं, आणि आला म्हणून दुखणं गेलं असंही नसतं. दाबामुळे आजूबाजूचे आवळलेले स्नायू सैल पडतात, वेदनेची जाणीव काही काळ कमी होते. तेवढ्या मोकळ्या वेळात चालणं आणि व्यायाम सुरू केला तरच फायदा टिकतो. म्हणून आम्ही व्यायाम शिकवल्याशिवाय कुणाला घरी पाठवत नाही. एक-दोन दिवस अंग ठणकतं, ते अपेक्षित आहे.

नसांच्या तक्रारींचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच सगळा घोळ होतो. मज्जारज्जूतून नसांच्या 31 जोड्या निघतात. दोन मणक्यांमधली गादी फुगली किंवा तिच्यातला मऊ भाग बाहेर आला, तर शेजारची नस चिडते. कळ ढुंगणातून मांडीमागून पोटरीपर्यंत जाते, ती सायटिका. तुम्ही आलात की आम्ही आधी टाचांवर चालायला लावतो, मग चवड्यांवर. टाचेवर चालताना पाऊल वर धरता येत नसेल, चवड्यावर अंग उचलता येत नसेल, तर कोणती नस अशक्त झालीय याचा अंदाज येतो. मग उताणं झोपवून पाय सरळ वर उचलतो, हातोडीने गुडघा आणि घोटा तपासतो. ही तपासणी झाल्याखेरीज पाठीला दाब नाही. एमआरआयमध्ये 'गादी फुगली' लिहिलंय म्हणून घाबरू नका. ज्यांना काहीच दुखत नाही अशा कितीतरी लोकांच्या फोटोतही तेच दिसतं. सायटिकाचे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत शस्त्रक्रियेशिवाय सुधारतात.

पण प्रत्येक मुंगी मणक्यातून येत नाही. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं? मग नस बहुधा मनगटात दबलेली असते. दोन्ही तळपायांची आग होत असेल तर आधी साखर आणि बी-12 तपासून घ्या. अशा पाठीवर हात फिरवून पैसे घेणं आम्हाला पटत नाही. दमा, बीपी, साखर, पाळीचा त्रास, मुलांचं अंथरूण ओलं करणं यांसाठीही आम्ही उपचार करत नाही. कुणी करतो म्हणालं तरी जाऊ नका.

लघवी अडली किंवा कळत नाही, शौचावर ताबा नाही, मांड्यांमधली जागा बधिर झाली, पायातली ताकद झपाट्याने जातेय, यातलं काहीही असेल तर आमच्याकडे न येता तडक कोल्हापूरचं सीपीआर (सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठा. त्यात तास मोलाचे असतात. पाठदुखीबरोबर ताप, वजन घटणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं, पडून किंवा अपघातात मार बसणं, ठिसूळ हाडं, यातलं काही असेल तर आधी डॉक्टर.

मानेला आम्ही झटका देत नाही. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीचा आतला थर झटक्याने क्वचित फाटू शकतो आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. धोका दुर्मीळ आहे, पण हळुवार हालचाली आणि व्यायामाने मान सुधारत असताना तो घ्यायचा कशाला? केस कापून झाल्यावर मालिश करता करता मान कडकन मोडून घेणाऱ्यांनी तर कारागिराला आधीच 'नको' सांगावं. तालमीत वाढलेल्या भक्कम मानेलाही हेच लागू.

भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो. उपचार करणाऱ्याचं शिक्षण विचारायला लाजू नका, आम्हालाही विचारा. आमच्याकडे हात लावणारे सगळे फिजिओथेरपीचे पदवीधर आहेत. वीस-पंचवीस बैठकांचं पॅकेज आम्ही विकत नाही. चार-पाच बैठकांत फरक दिसला नाही तर थांबतो आणि पुढे कुणाला दाखवायचं ते लिहून देतो.

येताना सैल कपडे घाला, जुने एक्स-रे, एमआरआय आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी आणा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर टेबलावर झोपण्याआधी सांगा.